उत्तम चारित्र्याचा दाखला

आमच्या घरात चारित्र्य हा शब्द कोणी कधी उच्चारला नाही. गरजच पडली नव्हती. आम्ही माळी माणसं. चांदूर बाजारापासून कोसभरावर आमचं चार एकराचं बागाईत होतं. त्यात मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो, आणि बांधाच्या कडेनं झेंडू. माणूस कसा आहे हे आमच्याकडे त्याच्या भाजीच्या जुडीवरून ठरायचं. "वरतून भरली दिसते अन् आतून पोकळ, अशाच्या घरी पोरगी देऊ नये," असं बाबा म्हणायचे. उजाडायच्या आत माय हौदापाशी बसून पालक धुवायची. मोटर धकधक चालू असायची, पाटात पाणी सुटलेलं असायचं आणि त्या आवाजावर आवाज चढवून माय बाबांशी भांडत असायची. ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या टोपल्या सायकलला बांधून बाबा बाजाराला गेले की आम्ही बांधावरच न्याहारीला बसायचो. शिळी भाकर, कांदा आणि वर कच्च्या तेलाची धार सोडलेली जवसाची चटणी. आज अमरावतीच्या माझ्या फ्लॅटमध्ये डॉक्टरनं सांगितलेले ओट्स खाताना ती चटणी आठवते आणि तोंडाला पाणी सुटतं. पाठोपाठ संताप येतो. ते घर मी माझ्या पायांनी सोडलं, आणि सोडण्यासाठी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुकाट राहण्यात मी पटाईत आहे. त्या कामाचा पगार मी बावीस वर्षं फौजेत घेतला.

विनायक आमच्या शाळेच्या हेडसरांचा मुलगा. शाळा संपून आम्हाला तीन वर्षं झाली होती. मी विसाचा, तो एकविसाचा. त्याला फौजेत जायचं होतं म्हणून तो रोज पहाटे सायकलनं आमच्या शेतापर्यंत यायचा आणि तिथून आम्ही दोघं परतवाड्याच्या रस्त्यानं धावायचो. त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट, मी अनवाणी. वऱ्हाडातल्या कुठल्याही रस्त्यावर सकाळी असे पोट्टे धावताना दिसतात, आजही दिसतात. त्यांच्याकडे पाहून लोकांना देशप्रेमाचे उमाळे येतात. आम्हाला देशाशी काही घेणंदेणं नव्हतं. मला पालकाच्या वाफ्यातून सुटायचं होतं आणि विनायकला त्याच्या घरातून. तिथे जेवताना आवाज केला तरी मार्क कापले जायचे. मी त्यांच्याकडे दोनदाच गेलो. दोन्ही वेळा पाणी वेगळ्या पेल्यात मिळालं आणि दोन्ही वेळा हेडसरांनी मला सतराचा पाढा विचारला.

आमच्यात जे होतं त्याला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. जी नावं गावात होती ती सगळी शिव्यांची, आणि त्या शिव्या आम्हीही इतरांना सर्रास देत होतो. आता या वयात आडपडदा कशाला ठेवू? मला विनायक आवडत होता. माझ्या भावाला त्याची बायको आवडायची तसाच, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच. धावून आलो की हौदावर अंघोळ करायची आणि मोटरच्या खोलीत बारदानावर पडून राहायचं. तो माझ्या तळपायातले काटे काढायचा. "तुह्या पायाले पाय म्हणावं का खुरपं बे?" असं म्हणायचा आणि काटा निघाल्यावरही पाय हातातून सोडायचा नाही. आपण दोघं एकाच भरतीत लागू, एकाच पलटणीत जाऊ, तिथे आपल्याला कोण ओळखतं, अशी त्याची योजना होती. फौज म्हणजे त्याला मोकळीक वाटायची! पुढे फौज आतून पाहिली तेव्हा त्याच्या या भाबडेपणावर मी एकटाच हसलो आहे. ते हसू चांगलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे सगळं चांदूर बाजार झेंडू न्यायला येतं. बाजारात महाग पडतो म्हणून शहाणी माणसं थेट शेतावर येतात. त्या वर्षी हेडसरही आले. माय आणि बाबा दुसऱ्या टोकाला फुलं तोडत होते. सरांनी हाका मारल्या असतील, पण मोटर चालू होती. त्यांनी खोलीचं दार ढकललं. विनायकचं डोकं माझ्या छातीवर होतं आणि माझा हात त्याच्या केसांत. एवढंच, पण एवढ्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. सर ओरडले नाहीत. त्यांनी मारलं असतं तर मी त्यांना कदाचित माफही केलं असतं. ते म्हणाले, "दोन किलो झेंडू पाहिजे. टपोरा पाहून दे." मी उघड्या अंगानं काटा धरला. पारडं काही केल्या थांबेना. सर उन्हात उभे राहून शांतपणे पारड्याकडे पाहत राहिले. "नीट तोल," म्हणाले, "घाई नाही." विनायक मागे शर्टाची बटणं लावत होता. फुलांची पिशवी त्याच्या हातात देऊन सर पुढे चालू लागले आणि तो त्यांच्या मागून गेला. सायकल आमच्याच बांधाला टेकलेली राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई येऊन ती घेऊन गेला.

दिवाळीनंतर अकोल्याला फौजेची भरती निघाली. भरतीला जायचं तर कागद लागायचे, आणि त्यात दोन दाखले असे होते की ते कोणीतरी आपल्याबद्दल लिहून द्यावे लागायचे. पहिला अविवाहित असल्याचा. तो सरपंचानं माझ्या फोटोवर शिक्का मारून हसत हसत दिला. "लगन नाही झालं तुयं, हे त माहीत हाय लेका, पण पोरगी पाहून ठेवतो. सुट्टीवर आला का बार उडवू." दुसरा दाखला चारित्र्याचा. तो शाळेच्या मुख्याध्यापकाच्या सहीचाच पाहिजे. बाबांना यात अडचण काय ते कळेना. "सर देव माणूस हाय. तू काय चोऱ्या केल्या का शाळंत? जाय, मांग," म्हणाले. मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी माय टोपल्या धुता धुता म्हणाली, "काहून जाऊन नाही राहिला रे तू? काई केलं असन त मले सांग." मी काही केलं नाही म्हणालो आणि सायकल काढली.

हेडसरांनी मला अर्धा तास टेबलासमोर उभं ठेवलं. बाहेर कुठला तरी वर्ग कविता म्हणत होता. मग त्यांनी शाळेचा छापील कागद ओढला, माझा फोटो डकवला आणि त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. "वाच. मोठ्यानं." मी वाचलं. सदर विद्यार्थ्यास मी आठ वर्षांपासून ओळखतो, तो शिस्तप्रिय व आज्ञाधारक आहे, माझ्या माहितीप्रमाणे त्याचे नैतिक चारित्र्य उत्तम आहे. शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

"कळलं का मी हे का लिहिलं?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"तू इथून जावास म्हणून. लांब जा. बर्फात पाठवतील, वाळवंटात पाठवतील, तिकडेच राहा. विनायकला मी दाखला देणार नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर राहील आणि सुधारेल. पण तो हट्टी आहे, दाखल्याशिवायही अकोल्याला येईल. आला, तर तू त्याला ओळखत नाहीस. बोल."

सही अजून झाली नव्हती. पेन त्यांच्या हातात होतं आणि माझं सगळं आयुष्य त्या पेनाच्या टोकाशी अडलं होतं. नाही म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ माझ्याकडे होता.

"नाही ओळखत सर," मी म्हणालो. त्यांनी सही केली, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा नेमका मारला आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

घरी मायनं तो कागद पदरावर धरला. तिला वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येतं त्याला ती वाचायला लावायची. बाजारातल्या तिच्या गिऱ्हाइकांनासुद्धा तिनं तो दाखवला. "सरानं लिवून देलं व माय, माह्या पोट्ट्याचं चारित्र्य लय चांगलं हाय." निघायच्या आदल्या दिवशी दुपारी शेतात रोडग्यांचं जेवण केलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे फोडून त्यावर तूप, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. भावकी जमली होती. सगळे मला आग्रह करत होते. जेवणं उरकत आली तेव्हा विनायक बांधावरून चालत आला. दसऱ्यानंतर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. मायनं त्याला पान वाढलं. "किती वाळला रे पोरा, जेवून नाही राहिला का?" म्हणाली. त्यानं दोन रोडगे खाल्ले आणि मग मला विहिरीकडे घेऊन गेला.

"तुहा दाखला दाखव," तो म्हणाला. मी दाखवला. बापाचं अक्षर त्यानं बराच वेळ पाहिलं. "मले नाही देला. फाडून टाकला अर्ज. पण मी येऊन राहिलो. आधी धावाच लागते, कागद मंग पाह्यतात. मी पहिला आलो त सोडतीन का मले? म्हणतीन, संध्याकाळपर्यंत आण कागद. फक्त वळखीचा एक पोट्टा पाह्यजे, हा आमच्याच शाळेचा हाय म्हणून सांगाले. एवढी येळ भेटली का मी आईले मधात घालून सही आणतो, नाई त पायाले पडतो बुढ्याच्या. तू सांगशीन ना?"

"सांगीन," मी म्हणालो. एका आठवड्यात मी दोन माणसांना शब्द दिले होते, आणि दोन्ही एकदम पाळता येणार नाहीत हे विहिरीत डोकावून पाहताना मला स्वच्छ कळत होतं. सरांशी काय बोलणं झालं ते मी विनायकला सांगितलं नाही.

इथे मला थोडं थांबून आजचं सांगावं लागेल, कारण हे सगळं उकरलं गेलं ते आजच्यामुळे. मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून एक तरुण वकील मुलगी माझ्याकडे आली. कायद्यानं आम्हाला गुन्हेगार म्हणणं सोडलं त्याला काही वर्षं झाली, पण फौजेचे नियम वेगळे. तिथे आजही कोणाचं असं काही उघड झालं तर त्याला घरी पाठवायला मार्ग मोकळाच आहे. हे थांबावं म्हणून काही जण कोर्टात गेले आहेत आणि माजी सैनिकांची प्रतिज्ञापत्रं त्यांना हवी आहेत. माझं नाव तिला कोणी दिलं ते तिनं सांगितलं नाही. मी तिच्यावर भडकलो. आता कशाला? माझी पेन्शन चालू आहे, गुडघे गेले आहेत, आता कशाला? तिनं चहा संपवला, कार्ड ठेवलं आणि गेली. त्याच महिन्यात आम्हा माजी सैनिकांची बैठक होती. आलुबोंडे आणि चहा झाल्यावर विषय निघाला आणि एक जण म्हणाला, "असे लोक भरले त फौज बसली म्हणून समजा. त्याइच्या शेजारी झोपन कोण?" सगळे हसले. मी कधी नव्हे ते उभा राहिलो. म्हटलं, "तू झोपला आहेस. तीन वर्षं, दोन हातांच्या अंतरावर. तुला ताप आला तेव्हा पट्ट्या मी ठेवल्या होत्या. फौज बसली का?" कोणी भांडलं नाही. माझ्या उजवीकडच्यानं फक्त खुर्ची थोडी सरकवली, आणि तेव्हापासून मला बैठकीचा निरोप येत नाही. माझ्या नोकरीत मी एका पोराला असंच घरी जाताना पाहिलं आहे. कागदावर कारण भलतंच लिहिलं होतं. पलटणीत सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळ्यात जास्त मला. मी त्याची ट्रंक ट्रकवर चढवायला हात दिला, बस. या खात्याचा मला राग आहे, पण राग येऊन बोट दाखवायला गेलो की ते बोट माझ्याकडेच वळतं. वकील मुलीला मी शेवटी फोन केला. तिनं विचारलं, भेदभाव तुम्ही पहिल्यांदा कधी अनुभवला? मी म्हटलं, बाई, आधी मी केला, तो सांगतो.

अकोल्याचं मैदान पोरांनी फुललं होतं. तेल्हाऱ्याचे, चांदूर रेल्वेचे, कुठून कुठून आलेले. दोऱ्या बांधून रांगा केल्या होत्या आणि दंडावर शाईनं नंबर लिहीत होते. विनायक माझ्या मागच्या तुकडीत आला. आमची तुकडी धावली, मी चौथा आलो आणि पास झालेल्यांना दोरीच्या आत बसवलं. मग त्याची तुकडी सुटली. मी आयुष्यात खूप पोरं धावताना पाहिली, पुढे धावायला शिकवलीही. असं धावताना कोणाला पाहिलं नाही. शेवटच्या फेरीत तो इतरांच्या इतका पुढे होता की मैदानाबाहेरच्या भिंतीवर बसलेली माणसं शिट्ट्या मारायला लागली. हवालदारानं घड्याळ पाहिलं आणि शेजाऱ्याला दाखवलं. हा माझा आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

कागद पाहायला त्याला टेबलाशी नेलं. ते टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं, सगळं ऐकू येत होतं. हवालदार उत्तरेकडचा होता, मिशा पांढऱ्या, स्वभाव बरा.

"कैरेक्टर सर्टिफिकेट कहाँ है?"

"शाम तक ला देता हूँ सर."

"इतना अच्छा दौड़ा और कागज घर भूल आया? गाँव का कोई है तेरे साथ? स्कूल का? कोई बोल दे कि जानता है, तो मैं शाम तक बैठा हूँ."

विनायकनं वळून थेट माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसत होता, अजून धापा टाकत होता आणि घामानं निथळत होता. हवालदारानं मला हाक मारली. मी दोरीपाशी उभा राहिलो. खिशात उत्तम चारित्र्याचा दाखला होता आणि भिंतीपलीकडच्या माणसांत, फाटकाजवळ, पांढरा सदरा आणि काळी टोपी घातलेले हेडसर उभे होते. सकाळच्या एसटीनं आले असावेत. ते माझ्याकडे पाहत होते.

"जानता है इसको?"

"नहीं सर."

"एक ही गाँव का नहीं है?"

"नहीं सर. पहली बार देखा."

पहिला नकार सरांच्या धाकानं निघाला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण 'पहली बार देखा' हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडलं, कारण ओळख दिली तर लोक आम्हा दोघांना एकत्र पाहतील आणि काय ते ओळखतील, अशी भीती मला त्या भरल्या मैदानात वाटली. विनायकचं हसू लगेच गेलं नाही. चेष्टा चालली आहे असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं हळूहळू हात खाली घेतला. हवालदारानं त्याच्या नंबरावर काट मारली आणि "अगली बार आना बेटा," असं खरोखर मायेनं म्हणाला. पुढच्या वेळी त्याचं भरतीचं वय उलटून गेलेलं असणार होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझी डॉक्टरी तपासणी तिसऱ्या प्रहरी संपली. मी पास झालो. फाटकातून बाहेर आलो तर बाप-लेक अजून तिथेच उभे. सर मुद्दाम थांबले होते. विनायकच्या खांद्यावर त्यांचा हात होता, पोलीस ठेवतात तसा. मला वाट बदलता आली असती, पण सरांनी नाव घेऊन बोलावलं आणि शाळेतल्यासारखा मी गेलो. आठ वर्षांत त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "शाब्बास."

विनायक माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. मी काय करतो ते पाहत होता. आणि मी, नुकताच भारताच्या फौजेत भरती झालेला तगडा जवान, त्याच्या देखत खाली वाकलो आणि त्याच्या बापाच्या पाया पडलो.